माउली, यंदा येऊ नका

यंदा, म्हणजे २०२१ साली, आषाढी एकादशी २० जुलैला आहे. कोरोनाच्या साथीमुळे गेल्या वर्षीप्रमाणे यंदाही पायी सोहळा नाही. मानाच्या दहा पालख्यांच्या पादुका प्रत्येकी दोन एसटी बसमधून येतील आणि वाखरीपासून दीड किलोमीटर मोजकीच माणसे चालतील. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही खासगी जीप ठरवून, मोटारसायकलवर, नाहीतर चारपाच जणांचा गट करून, ‘दशमीला बघू कसं जमतं ते’ म्हणत निघायच्या तयारीतली मंडळी गावोगावी आहेत. आमच्या गल्लीतल्या खोलीवाल्यांचे फोन वाजू लागले आहेत. म्हणून आम्हा पंढरपूरकरांची ही हात जोडून विनंती आहे: यंदा येऊ नका. निघाला असाल तर मागे फिरा.

हे आम्ही स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतो आहोत. बुक्का, कुंकू, तुळशीमाळा, चुरमुरे-बत्तासे विकणाऱ्यांची वर्षाची बेगमी वारीवर होते. प्रदक्षिणा मार्गावरची कित्येक घरे वारकऱ्यांना खोल्या देऊन पोराबाळांच्या फिया भरतात. सलग दुसरी आषाढी बुडते आहे, तरी या गावाला यंदा गर्दी नको आहे.

‘वारी उघड्यावर असते, मोकळ्या वाऱ्यात कसला आलाय कोरोना?’ असे अनेक जण विचारतात. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. हा रोग मुख्यतः श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून हवेत जाणाऱ्या कणांनी पसरतो आणि मोकळ्या वाऱ्यावर ते कण लवकर विरतात. दिवे घाट चढताना पुढच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवून चालणाऱ्याला धोका कमी, हे कोणताही डॉक्टर मान्य करील.

पण वारी नुसती चालण्याची असती तर गोष्ट वेगळी होती. ती मुक्कामाचीही असते. आषाढातली सर आली की राहुटीची कनात खाली ओढून दगडाने दाबतात. आत पंधरा-वीस जण, ओली धोतरं आणि लुगडी दोरीवर, कोपऱ्यात स्टोव्ह. पहाटेपर्यंत सगळे एकमेकांनी सोडलेली हवा घेत झोपतात. सामानाच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली म्हातारी माणसे दाटीवाटीने बसतात. पंढरपुरात आल्यावर तर विचारूच नका. जुन्या वाड्यातली दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी, आणि पथाऱ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत. रात्री हरिपाठ, मग भजन. घरमालक म्हणून सांगतो, त्या खोलीत सकाळी दार उघडले की चष्म्यावर वाफ येते.

भजनाचा उल्लेख मुद्दाम केला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. सभागृहात ६१ जण अडीच तास गात होते. त्यातल्या एकाला सर्दीसारखे काहीतरी होते. पुढच्या काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले किंवा बाधित ठरले, दोघे दगावले. मोठ्या आवाजात गाताना शांत बसण्यापेक्षा कितीतरी जास्त कण तोंडातून बाहेर पडतात. आपल्या मठातल्या भजनात टाळाच्या ठेक्यावर माणूस अडीच तासांत थांबत नाही.

आता उघड्यावरच्याच गर्दीचा ताजा दाखला घ्या. ३० जूनला स्कॉटलंडच्या आरोग्य यंत्रणेने आकडे जाहीर केले. युरो फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने कुठे ना कुठे जमलेल्यांपैकी १,९९१ जण बाधित निघाले. त्यातले १,२९४ लंडनला जाऊन आले होते आणि प्रत्यक्ष वेम्बली मैदानात सामना पाहिलेले होते ३९७. सगळ्यांना लागण तिथेच झाली असे ती यंत्रणा म्हणत नाही. इतकी माणसे रोग अंगावर घेऊन त्या गर्दीत वावरली, एवढे मात्र त्यातून कळते. आणि बहुसंख्य मैदानात नव्हतीच. ती रेल्वेत, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यांत, मित्रांच्या घरी होती. वेम्बलीच्या जागी चंद्रभागेचे वाळवंट ठेवा. तिथले स्नान पंधरा मिनिटांचे. येण्याजाण्याचा प्रवास, चहाची टपरी, पंगत आणि पथारी धरली तर चार दिवसांचा मामला होतो.

शंभर वर्षांपूर्वीच्या साथीतही हे दिसले होते. २८ सप्टेंबर १९१८ला फिलाडेल्फिया शहरात युद्धकर्जासाठी मिरवणूक निघाली. तीही उघड्यावरच, रस्त्याच्या दुतर्फा सुमारे दोन लाख माणसे. शहरात इन्फ्लुएन्झा आलेला आहे हे अधिकाऱ्यांना माहीत होते. तीन-चार दिवसांत रुग्णालये भरली आणि सहा आठवड्यांत १२ हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास सेंट लुईस शहराने पहिले रुग्ण सापडताच दोन दिवसांत शाळा, थिएटरे, चर्च, सभा बंद केल्या. तिथला मृत्यूंचा कळस फिलाडेल्फियाच्या पासंगालाही पुरला नाही. तीच साथ आपल्याकडे मुंबईच्या बंदरातून आली. आपले पणजोबा तिला मानमोडी म्हणत.

गर्दीला एवढे का भ्यायचे, तर या रोगाची एक खोड आहे. सगळे बाधित तो सारखा पसरवत नाहीत. बहुतेकांकडून एखाद्यालाच लागण होते किंवा होतच नाही, आणि थोड्या माणसांकडून मात्र ढीगभर जणांना होते. असा माणूस घरात राहिला तर घरच्या दोघा-तिघांवर भागते. तोच दर्शनबारीत उभा राहिला, फडावर गायला बसला, की पंचवीस गावांचे पत्ते रोगाला मिळतात. त्या माणसाला स्वतःला याचा पत्ता नसतो, कारण ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो रोग देत असतो. पंढरपुरात कोणी आजारी दिसणारच नाही. काला होईल, माणसे प्रसाद घेऊन पांगतील, आणि खोकला सुरू होईल तो परभणीच्या, बुलढाण्याच्या, जतच्या एखाद्या वस्तीवर, जिथून ऑक्सिजनचा बेड तासा-दीड तासावर आहे. वारकऱ्यांत साठी ओलांडलेले किती असतात हे वेगळे सांगायला नको. अनेकांचा अजून लशीचा दुसरा डोस व्हायचा आहे.

‘सभा चालल्या, निवडणुका चालल्या, मग वारीच का डोळ्यांत खुपते?’ हा राग आम्हाला समजतो. तो रास्तही आहे. याच पंढरपूर-मंगळवेढ्यात १७ एप्रिलला पोटनिवडणुकीचे मतदान झाले. त्याआधी सगळ्याच पक्षांच्या सभा झाल्या, गर्दी झाली, आणि नंतरच्या दिवसांत इथल्या दवाखान्यांत जागा मिळेना. राज्यात १८ एप्रिलला एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्याच महिन्यात हरिद्वारच्या कुंभात १२ आणि १४ तारखेची शाही स्नाने लाखोंनी उरकली; कुंभ प्रतीकात्मक ठेवा असे पंतप्रधानांनी सांगितले ते १७ तारखेला. पुढाऱ्यांनी केले ते चूकच होते. त्यांना जाब विचारा, मतपेटीतून विचारा. पण त्यांनी विहिरीत उडी मारली म्हणून आपणही मारायची, हा कुठला न्याय?

काही आदरणीय महाराज मंडळींचा पायी वारीचा आग्रह आहे. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याची आमची पायरी नाही. एवढेच आठवण करून देतो की अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला आले नाहीत, असे परंपरा सांगते, आणि आजही पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. साथीपुढे वारीला मुरड घालणेही नवे नाही. पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय गावात शिरू देत नसत, हे सांगणारी म्हातारी माणसे आमच्याकडे अजून आहेत.

तेव्हा दिंडीप्रमुखांनी आज, उद्यावर न ढकलता, आपल्या दिंडीतल्या प्रत्येक घरी फोन करावा. नुसता व्हॉट्सॲपवर निरोप टाकून भागणार नाही. सत्तरीच्या आजीकडे तो पोचत नाही. गावच्या विठ्ठल मंदिरातही एकादशीला दाटी करू नका, भजन अंगणात, अंतर राखून आणि थोडक्यात करा. लशीची पाळी आली असेल तर एकादशीची वाट न पाहता घेऊन या. जे पायी निघून वाटेत आहेत त्यांनी फलटण, माळशिरस, जिथे असतील तिथून परतावे, आणि घरी गेल्यावर आठ-दहा दिवस म्हाताऱ्या माणसांपासून वेगळे झोपावे. अंगात कणकण, घसा खवखवणे, वास न येणे, यातले काहीही वाटले तर काढा पीत बसू नका, तपासणी करा.

एकादशीच्या सुमारास शहरात आणि लगतच्या गावांत संचारबंदी राहील, नाक्यावरून गाड्या परत पाठवल्या जातील. भर पावसात वृद्ध माणसांना घेऊन तो हेलपाटा घालू नका. खोलीसाठी विसार दिला असेल तर परत मागा. घरमालक कुरकुरला तर कार्तिकीला वळता करून घ्या, आणि त्यालाही तो नाही म्हणाला तर आम्हा शेजाऱ्यांना कळवा, आम्ही त्याच्याशी बोलू.