माइल्सची तपश्चर्या

कामानिमित्त सतत विमानात असणारी आपली मंडळी भेटली की विषय एकच: कुठल्या कार्डावर किती माइल्स? विमान कंपनीचा वरचा दर्जा मिळावा म्हणून काम नसताना हानेदाहून ओकिनावाला जाऊन त्याच दिवशी परतणारेही इथे आहेत. जपानीत त्याला चक्क 'शुग्यो' म्हणतात, म्हणजे तपश्चर्या! माझं स्पष्ट मत: घरी मुलं वाट पाहत असताना हे तप नको.

हिशेब बघा. एएनए आणि जालचे माइल्स साधारणपणे ३६ महिन्यांत बाद होतात. 'फुकट' तिकिटावरही कर आणि इंधन अधिभार खिशातूनच जातो. जादा पॉइंटांच्या मोहाने 'रिबो-बाराई' घेतलीत, तर वर्षाला साधारण १५ टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

कार्ड जरूर घ्या. पण आधी वार्षिक फी, परकीय चलनावरचं शुल्क आणि शाळेच्या सुटीत भारतात जायला माइल्सवर जागा मिळते का, हे तपासा. बिल एकरकमी भरा. आणि तीन वर्षं उलटायच्या आत त्याच माइल्सवर आई-बाबांना साकुरा बघायला बोलवा. माइल्स परत जमवता येतील. त्यांचे गुडघे तोवर थांबणार नाहीत.