लॉवेलची घंटा आणि धोट्याचा धागा

यंत्रयुगाचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा शोधांच्या यादीने सुरू होतो आणि त्या यादीनेच संपतो. यंत्र चालविणारे हात कोणाचे होते, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य वसतिगृहाच्या घंटेवर घडले आहे. म्हणून त्यांच्यापुढे आम्ही अमेरिकेतील काही वसतिगृहांची हकीकत ठेवू इच्छितो.

मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या धबधब्याशी १८२२ पासून कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि तेथे लॉवेल हे गाव वसले. गिरण्यांत कामाला आल्या त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली. परक्या गावी लेक कशी धाडावी, ही आईबापांची शंका. ती फेडण्यासाठी कंपन्यांनी वसतिगृहे बांधली आणि ती बहुधा विधवा स्त्रियांच्या हाती सोपविली. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला हजेरी सक्तीची, आणि पहाटेपासून घंटा. काम दिवसाला बारा-तेरा तास. गिरणीत पुस्तक नेण्यास मनाई होती, तेव्हा ल्यूसी लार्कम या मुलीने वर्तमानपत्रांतील कवितांची कात्रणे आपल्या जागेजवळच्या खिडकीला चिकटवून ठेवली. १८४० साली या मुलींच्या लेखनाचे ‘लॉवेल ऑफरिंग’ हे नियतकालिकही निघाले.

या वसतिगृहांची शिस्त मालकांनी आपल्या सोयीसाठी घातली होती, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु एका छपराखाली जेवणाऱ्या, वाचणाऱ्या, एकमेकींची पत्रे लिहून देणाऱ्या मुलींमध्ये जे सख्य जन्मले, ते मालकांच्या हिशेबात नव्हते. १८३४ मध्ये मजुरी कापली गेली तेव्हा त्यांनी काम बंद केले. १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढविला तेव्हा पुन्हा. त्या दुसऱ्या संपात हॅरिएट हॅन्सन अकरा वर्षांची होती. तिच्या मजल्यावरील मोठ्या मुली जावे की न जावे अशा घोटाळ्यात असता ही पोर एकटी पुढे निघाली, आणि मागे वळून पाहते तो सारी रांग तिच्या पाठीशी! तिची आई विधवा होती, कंपनीचे एक वसतिगृह चालवीत होती. लेकीला आवरता आले नाही म्हणून ते तिच्याकडून काढून घेण्यात आले. लेकरांना शिकवून धीट करणाऱ्या प्रत्येक आईने हा प्रसंग ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते.

१८४५ मध्ये सेरा बॅग्ली व तिच्या सोबतिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षी दिल्या. समितीने हात झटकले. स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला तो १८७४ साली.

पण येथेच थांबलो तर हकीकत अर्धीच राहील. लॉवेलला येणारा कापूस दक्षिणेत गुलामांनी वेचलेला होता, आणि गुलामांच्या अंगावरचे जाडेभरडे कापड लॉवेलच्याच काही मागांवर विणले जाई. सरकी काढण्याचे यंत्र १७९३ मध्ये आले. यंत्राने श्रम वाचतात हे खरे. तरी १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात गेले. कताईचा वेग वाढला, कापसाची भूक वाढली, आणि साखळी लांब झाली. ती १८६५ मध्ये तुटली, पण यंत्राने नव्हे. युद्धाने, आणि गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या काळ्या-गोऱ्या माणसांनी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील अशाच सज्जनांना अर्पण केली आहे.

यंत्र आले की जात आपोआप जाईल, असे म्हणणारे विद्वान आजही आढळतात. त्यांनी धोट्याकडे पाहावे. कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेण्याची रीत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत होती. तेथे तिची भीती होती ती रोगाची. मुंबईच्या गिरण्यांत तीच रीत आली, आणि तिचा विटाळ झाला. अस्पृश्याच्या ओठांचा धागा आम्ही ओठांना लावणार नाही, असे सवर्ण विणकर म्हणत. म्हणून अधिक मजुरीच्या विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना बंद राहिले. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते दार उघडण्याची मागणी पुढे केली, तेव्हा मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू होऊन सत्तरांहून अधिक वर्षे लोटली होती.