फायरवॉलच्या आधीच ऐकणारा

सर्व्हर सुरक्षित आहे का, असं विचारलं की आपल्याकडचे बरेच सिस्टिम अ‍ॅडमिन दोन गोष्टी पुढे करतात: फायरवॉलचे नियम आणि उघड्या पोर्टची यादी. लिनक्सवर ‘नेटस्टॅट’ किंवा ‘एसएस’ चालवायचं, २२ आणि ४४३ सोडून काही दिसलं नाही की तपासणी संपली. एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हे दक्षिण कोरियाच्या अनुभवातून आपण शिकायला हवं.

एप्रिल २०२५ मध्ये एसके टेलिकॉम या तिथल्या सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीच्या सर्व्हरमधून ग्राहकांच्या सिमची माहिती चोरीला गेली. सुमारे २ कोटी ७० लाख नोंदी, म्हणजे देशातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या. कंपनीला सर्व ग्राहकांना सिम फुकट बदलून द्यावी लागली. तपासात जे मालवेअर सापडलं, त्यातले बहुसंख्य नमुने ‘बीपीएफडोअर’ या लिनक्सवरच्या चोरवाटेचे होते.

ही चोरवाट दबा धरून बसलेली असताना कुठलाच पोर्ट उघडत नाही. नेटवर्कवरचं पॅकेट इंटरफेसवर आलं की फायरवॉलचे नियम लागू होण्याआधीच त्याची प्रत ‘पॅकेट सॉकेट’ला मिळते, ही लिनक्स कर्नलची जुनी आणि उपयुक्त सोय आहे. अ‍ॅडमिनचा नेहमीचा ‘टीसीपीडंप’ त्याच सोयीवर चालतो. बीपीएफडोअरही तिथेच कान लावून बसतं. हल्लेखोराने ठरावीक खुणेचं एक पॅकेट पाठवलं की ते जागं होतं. मग स्वतःहून बाहेर जोडणी करतं, किंवा त्या एका पत्त्यासाठी ‘आयपीटेबल्स’मध्ये गुपचूप नियम घालून, आधीपासून चालू असलेल्या पोर्टवरूनच त्याला आत घेतं. फायरवॉलने ते खुणेचं पॅकेट अडवलं तरी उपयोग नाही. निरोप तोवर पोहोचलेला असतो. प्रोसेसचं नावही नेहमीच्या एखाद्या सेवेसारखं. यादीवरून नजर फिरवणाऱ्याला संशय येणार कसा?

म्हणून पॅकेट सॉकेट कोण धरून बसलंय, हे वेगळं पाहावं लागतं. ‘एसएस’लाच त्यासाठी पर्याय आहे, आणि ‘प्रॉक’ फाइल सिस्टिममधल्या ‘नेट’ फोल्डरात ‘पॅकेट’ नावाची फाइलही. तिथे डीएचसीपी क्लायंटसारखी प्रामाणिक नावंही दिसतील, म्हणून मशीन नवं असतानाच ही यादी लिहून ठेवावी. पण ज्या मशीनवर कुणी रूट मिळवलं, त्या मशीनची साक्ष कितपत धरायची? खरी नजर बाहेरून हवी: स्विचच्या मिरर पोर्टवर दुसरं मशीन, आणि कोणता सर्व्हर कुणाला किती डेटा पाठवतो याची रोजची नोंद. आत येणाऱ्यावर आपण डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतो, बाहेर जाणाऱ्याकडे पाहत नाही. कोरियात संशय आला तो बाहेर जाणाऱ्या असामान्य ट्रॅफिकमुळेच.

आणि तोवर फार उशीर झाला होता. पहिली घुसखोरी २०२१ मधली निघाली. फायरवॉलच्या नोंदी मात्र जेमतेम चार महिन्यांच्या होत्या. मधल्या काळात काय काय बाहेर गेलं, हे तपास पथकाला पूर्णपणे सांगता आलं नाही. मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब हीच वाटते.

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे. चार महिन्यांपेक्षा हे बरं, पण तीन-चार वर्षं दबा धरून बसणाऱ्या शत्रूपुढे अगदीच तोकडं. ही मुदत वाढायला हवी. सहकारी बँका, रुग्णालयं, विद्यापीठं यांनी त्याची वाट पाहू नये. ट्रॅफिकच्या सारांश-नोंदींना पूर्ण पॅकेटच्या मानाने फारच थोडी जागा लागते. संचालक मंडळांनी येत्या अंदाजपत्रकात निदान दोन वर्षांच्या नोंदी वेगळ्या मशीनवर ठेवण्याची तरतूद करावी आणि त्या दर आठवड्याला वाचणारा माणूस नेमावा.