आधी लिंग, मग अंतर : फ्रेंच दर्शक विशेषणे आणि मराठी अभ्यासक

परकी भाषा शिकताना काही घटक किरकोळ वाटतात आणि विद्यार्थी त्यांच्यावरून घाईने पुढे जातो. दर्शक विशेषणे हा अशांपैकी एक घटक होय. ‘हा’, ‘ही’, ‘हे’ यांचे प्रतिशब्द पाठ केले की काम झाले, अशी समजूत असते. फ्रेंचमध्ये या विशेषणांची रूपे अवघी चार आहेत. त्यामुळे ही समजूत अधिकच बळावते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ शब्दसंग्रह कमावलेला विद्यार्थीही या चार रूपांपाशी अडखळताना दिसतो. माझ्या मते या अडखळण्याचे कारण रूपांच्या अवघडपणात नाही. ती ज्या वाटेने शिकवली जातात, त्या वाटेत आहे. आपल्याकडे फ्रेंच भाषा बहुधा इंग्रजीच्या आधारे शिकवली जाते. ‘दिस’ आणि ‘दॅट’ या इंग्रजी जोडीला फ्रेंच प्रतिशब्द दिले जातात आणि मराठी विद्यार्थ्याजवळ मुळातच असलेले व्याकरणाचे भांडवल वर्गाबाहेर राहते. ते वर्गात आणले पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम ही चार रूपे पाहू. पुल्लिंगी एकवचनी नामापूर्वी ‘स’ येते. त्याचे लेखन सी-ई असे होते आणि त्यातील स्वर अगदी अस्फुट असतो. पुल्लिंगी नामाचा आरंभ स्वराने होत असेल, तर ‘स’च्या जागी ‘सेत्’ येते, लेखन सी-ई-टी. स्त्रीलिंगी एकवचनी नामापूर्वीही ‘सेत्’च येते, मात्र त्याचे लेखन सी-ई-टी-टी-ई असे होते. अनेकवचनी नामापूर्वी, लिंग कोणतेही असो, ‘से’ हे एकच रूप येते, लेखन सी-ई-एस. उदाहरणार्थ, ‘स लीव्र’ म्हणजे हे पुस्तक, ‘सेत् आर्ब्र’ म्हणजे हे झाड, ‘सेत् मेझों’ म्हणजे हे घर आणि ‘से लीव्र’ म्हणजे ही पुस्तके.

आता एक प्रश्न विचारू. दर्शक विशेषण वापरताना प्रत्येक भाषा बोलणाऱ्याकडून कोणती माहिती सक्तीने मागते? इंग्रजी दोन गोष्टी मागते : वस्तू जवळ आहे की दूर, आणि ती एक आहे की अनेक. मराठी तीन गोष्टी मागते : अंतर, वचन आणि लिंग. फ्रेंचही तीन गोष्टी मागते : लिंग, वचन आणि पुढील शब्दाचा आद्य ध्वनी. अंतर मात्र ती सक्तीने मागत नाही. ही तुलना नीट पाहिली, म्हणजे इंग्रजीची वाट का फसवी आहे हे ध्यानात येते. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी पहिला प्रश्न अंतराचा विचारतो, आणि फ्रेंचमध्ये नेमका तोच प्रश्न शेवटचा आहे. लिंगाचा प्रश्न त्याला सुचतच नाही. मराठीभाषकाला मात्र तो सहज सुचतो. ‘हा टेबल’ की ‘हे टेबल’ यावर आपल्याकडे वादही होतो. परंतु नामाचे लिंग कळल्याशिवाय दर्शक शब्द उच्चारता येत नाही, याविषयी कोणाच्याही मनात संशय नसतो.

लिंग आणि वचन

अर्थात, लिंगभेदाची सवय असणे वेगळे आणि फ्रेंच नामांची लिंगे ठाऊक असणे वेगळे. मराठीत तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोन. आपली नपुंसकलिंगी नामे तेथे दोहोंकडे वाटली जातात. पुस्तक आणि झाड पुल्लिंगी ठरतात. घर आणि टेबल स्त्रीलिंगी. सूर्य दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे, पण आपला चंद्र तेथे ‘ल्यून’ या स्त्रीलिंगी नामाने ओळखला जातो. क्वचित सुखद साम्यही आढळते. ‘व्यक्ती’ हा मराठी शब्द पुरुषाविषयी वापरला तरी आपण ‘ही व्यक्ती’ असेच म्हणतो. फ्रेंचमधील ‘पेर्सॉन’ हे नामही असेच स्त्रीलिंगी आहे आणि पुरुषाविषयी बोलतानाही ‘सेत् पेर्सॉन’ असेच म्हणावे लागते. व्याकरणिक लिंग नामाचे असते, व्यक्तीचे नव्हे, हे तत्त्व शिकवण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. आणि ते इंग्रजीत मिळतच नाही.

अनेकवचनात फ्रेंच लिंगभेद पुसून टाकते, याचे विद्यार्थ्यांना नवल वाटते. आपल्याकडे ‘हे मुलगे’, ‘ह्या मुली’, ‘ही मुले’ असा भेद अनेकवचनातही टिकतो. परंतु मराठीचे सामान्यरूप आठवावे. ‘या मुलाला’, ‘या मुलीला’, ‘या मुलांना’, ‘या घरात’ : येथे एकटे ‘या’ लिंग आणि वचन हे दोन्ही भेद गिळून बसले आहे. भेद कोठे जपायचा आणि कोठे सोडून द्यायचा, हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते. फ्रेंचचे ‘से’ समजून घेताना मराठीच्या ‘या’कडे नव्याने लक्ष जाते, हा लाभ लहान नव्हे.

आद्य ध्वनी

पुढील शब्दाच्या पहिल्या ध्वनीनुसार दर्शक शब्दाने रूप बदलावे, ही गोष्ट मराठीत नाही. संस्कृतात मात्र आहे. ‘सः’ हे दर्शक सर्वनाम व्यंजनापूर्वी विसर्ग टाकते, म्हणून ‘स गच्छति’. आणि अकारापूर्वी ‘सो’ होते, म्हणून ‘सोऽहम्’. फ्रेंच ‘स’ आणि संस्कृत ‘स’ यांचे उच्चारसाम्य योगायोगाचे आहे. त्यांची व्युत्पत्ती एक नाही. पण शब्दाच्या सीमेवर रूप बदलण्याची वृत्ती एकाच जातीची आहे, आणि शाळेत संधी शिकलेल्या विद्यार्थ्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयाच्या आहेत. पहिली अशी की, हा आद्य ध्वनी नामाचा नसून लगेच पुढे येणाऱ्या शब्दाचा असतो. ‘हे झाड’ म्हणजे ‘सेत् आर्ब्र’, परंतु ‘हे सुंदर झाड’ म्हणजे ‘स बेल् आर्ब्र’. कारण आता ‘स’पुढे व्यंजन आले. दुसरी गोष्ट लेखनातील ‘एच’ या वर्णाची. फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार होत नाही. तरी काही शब्दांत तो जणू व्यंजन असल्याप्रमाणे वागतो. माणूस या अर्थी ‘ऑम’ पुल्लिंगी असून ‘सेत् ऑम’ असे म्हणतात. पण नायक या अर्थी ‘एरो’ हा शब्द ‘स एरो’ असाच येतो. अनेकवचनातही ‘से’ आणि ‘एरो’ जोडून उच्चारायचे नसतात. जोडले तर ‘से झेरो’ असे ऐकू येईल आणि नायकांची शून्ये होतील.

‘सेत्’ची दोन लेखने कानाला एकच वाटतात, ही बाब अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘सेतामी’ असे ऐकले, तर मित्र की मैत्रीण हे केवळ या दोन शब्दांवरून कळणार नाही. ते कागदावरच कळेल. म्हणून नवे नाम एकटे पाठ करू नये, लिंगदर्शक शब्दासह पाठ करावे, हा सल्ला योग्यच असला तरी स्वरादी नामांसाठी दर्शक विशेषण उपयोगाचे नाही. तेथे ‘अं’ आणि ‘यून’ ही ‘एक’ या अर्थाची उपपदे जोडून नाम शिकावे. त्यांतला फरक कानालाही कळतो.

अंतराचा प्रश्न

मग फ्रेंचमध्ये ‘हा’ आणि ‘तो’ यांचा भेद नाहीच काय? आहे, पण तो ऐच्छिक आहे. नामाच्या मागे ‘सी’ किंवा ‘ला’ जोडून तो दाखवला जातो : ‘स लीव्र-सी’ म्हणजे हे इकडचे पुस्तक, ‘स लीव्र-ला’ म्हणजे ते तिकडचे पुस्तक. दोहोंतून एक निवडायचे असेल तेव्हा ही शेपटी लागते. एरवी साधे ‘स लीव्र’ पुरते. बोलण्यात तर जवळच्या वस्तूसाठीही ‘ला’ सर्रास येतो. काळाच्या संदर्भात मात्र हा भेद बराच स्थिर आहे : ‘से झूर-सी’ म्हणजे आजकाल, तर ‘स झूर-ला’ म्हणजे त्या दिवशी.

जुन्या फ्रेंचमध्ये स्थिती निराळी होती. तेथे जवळच्यासाठी ‘सिस्त’ आणि दूरच्यासाठी ‘सिल’ अशा दोन मालिका होत्या. पुढे पहिल्या मालिकेतून प्रामुख्याने आजची विशेषणे आली, दुसरीचा वारसा सर्वनामांकडे गेला. अंतराचा भेद जाऊन त्या जागी विशेषण आणि सर्वनाम हा भेद बसला. हरवलेले अंतर भाषेने ‘सी’ आणि ‘ला’ जोडून परत मिळवले.

यातून अनुवादाचा एक नियम निघतो : फ्रेंच ‘स’चे भाषांतर नेहमी ‘हा’ असे करू नये. ‘एक होता राजा. त्या राजाला दोन मुली होत्या.’ या ठिकाणी ‘त्या’साठी फ्रेंच ‘स’ चालते. येथे राजा दूर नसतो, तो नुकताच उल्लेखिलेला असतो. ‘स स्वार’ म्हणजे ‘ही संध्याकाळ’ नव्हे, ‘आज संध्याकाळी’. ‘सेत् न्युई’ तर क्रियापदाच्या काळानुसार ‘काल रात्री’ही होते आणि ‘आज रात्री’ही.

विशेषण की सर्वनाम?

मराठीमुळे घडणाऱ्या चुकाही नाकारता येणार नाहीत. आपला ‘हा’ नामाबरोबर येतो आणि नामाशिवायही उभा राहतो; एकाच रूपाला आपण प्रसंगपरत्वे दर्शक सर्वनाम किंवा सार्वनामिक विशेषण म्हणतो. फ्रेंचमध्ये ही दोन कामे दोन स्वतंत्र शब्दांकडे आहेत. ‘मला ही हवी’ असे म्हणताना ‘सेत्’वर थांबता येत नाही; ‘सेल-सी’ असेच म्हणावे लागते. तसेच ‘माझे हे पुस्तक’ ही रचना मराठीत अगदी स्वाभाविक आहे. फ्रेंचमध्ये ‘माझे’ आणि ‘हे’ एका नामापूर्वी शेजारी बसू शकत नाहीत, कारण दोघांची जागा एकच आहे. म्हणूनच अलीकडचे फ्रेंच व्याकरण या शब्दांना विशेषण न म्हणता निर्धारकांच्या वर्गात घालते. मराठीचा ‘हा’ त्या वर्गात कितपत बसतो, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकानेही स्वतःला विचारावा असा आहे.

यावर कोणी म्हणेल की, मातृभाषेमुळे चुका होत असतील तर तिला वर्गात आणावेच का? फ्रेंच फ्रेंचमधूनच शिकवावी. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. सरावाच्या पातळीवर तो बरोबरही आहे. परंतु प्रौढ विद्यार्थी नव्या भाषेची मांडणी जुन्या भाषेच्या आधारे करतो, शिक्षकाने परवानगी दिली नाही तरी करतो. मनात चाललेल्या तुलनेतील चूक दिसत नाही आणि सुधारताही येत नाही. ती तुलना फळ्यावर मांडली, म्हणजे कोठे मराठी साथ देते आणि कोठे वाट सोडते हे स्पष्ट होते.

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी फ्रेंचच्या वर्गात अनेकदा दबून बसतो. इंग्रजी कच्चे म्हणून आपल्याला फ्रेंच जमणार नाही, असे त्याला वाटते. निदान दर्शक विशेषणांच्या बाबतीत हे खरे नाही. नामाकडे पाहून दर्शक शब्द बदलण्याची शिस्त त्याच्या जिभेवर लहानपणापासून आहे. त्याने प्रश्नांचा क्रम तेवढा बदलावा : आधी वचन, मग लिंग, मग पुढचा ध्वनी आणि गरज पडलीच तर अंतर. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील दहा वस्तू घेऊन हे चार प्रश्न त्याच क्रमाने विचारून पाहावेत आणि प्रत्येक उत्तराशेजारी मराठी दर्शक शब्दही लिहावा. दहाव्या वस्तूपर्यंत पोहोचताना फ्रेंचचे चार शब्द तर पक्के होतीलच. शिवाय न विचारता वापरलेल्या ‘हा-ही-हे’मागे केवढे व्याकरण उभे आहे, याचीही जाणीव होईल.