शाळा सुटली, मग आम्ही रिकामे का?

शेवटची घंटा वाजली की 'सुटी झाली रे' असा केवढा गलका होतो! वहीत मात्र आपण 'शाळा सुटली' असे लिहितो. गंमत पाहा, शाळा तर जागच्या जागीच असते, सुटतो आपण. दाव्याचे वासरू सुटते, पायातला काटा निघाला की जीव सुटतो, तसेच हे. 'सुटी' हा शब्द त्याच 'सुटणे'मधून आला. (कोणी 'सुट्टी' लिहितात. दोन्ही चालतात, पण एका निबंधात दोन्ही नकोत!)

परंतु घरी पोचल्याबरोबर दुसराच शब्द कानी पडतो. "आता रिकामीच हायेस ना वं? लहान्याले घे, अन् पाणी भरून आण." रिकामी म्हणजे जिच्यात काही नाही ती. रिकामी घागर, रिकामे पोते. सुटलेली मुलगी रिकामी कशी? आणि हा शब्द मुलींच्याच वाट्याला जास्त येतो. भाऊ दप्तर फेकून गिल्ली-दांडू घेऊन पळतो, त्याला कोणी अडवत नाही. बहीण झाडू हाती घेते. कापूस फुटला म्हणजे तर अकोला-अमरावतीकडे पुष्कळ घरची दोघेही वावरात दिसतात.

मायबापाला हातभार लावू नये असे मी म्हणत नाही. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तिनेही शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत घरच्या कामात मदत करायला मुभा दिली आहे. काम धोक्याचे नसावे. पण मला तो 'नंतर' खटकतो. नंतरचा सारा वेळ कामातच गेला, तर खेळायचे केव्हा? १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हटला आहे. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला.

खेळणे म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे, हे अमरावतीकरांना तरी सांगावे लागू नये. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तेथे १९१४ साली सुरू झाले, आणि १९३६ साली त्याचे पथक थेट बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले.

म्हणून पालकांना एकच विनंती. शाळा सुटल्यावर एक तास मुलीला पटांगणात राहू द्या. धाकटे भावंड कडेवर असेल तर तेही येऊ द्या. लंगडीचा डाव होईपर्यंत आम्ही आळीपाळीने सांभाळू. पाणी त्यानंतर भरू.