कान आणि वाढ, दोन्ही एकाच मुलाची : शून्य ते सहा वयोगटातील मुलांसाठी पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, महिला व बाल विकास विभाग
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : श्रवणदोष आणि विकासातील विलंब एकत्र असलेल्या बालकांची तपासणी, उपचार व शिक्षण एका छताखाली आणण्याबाबत.

महोदय / महोदया,

ज्या मुलांना ऐकू कमी येते आणि ज्यांची वाढही वयाच्या मागे चालते, अशा मुलांच्या आईवडिलांची ही संघटना आहे. आमची मूळ मागणी एकच आहे. मुलाच्या कानांचा आणि वाढीचा विचार एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि वयाच्या पहिल्या तीन वर्षांत व्हावा. पुढचे सगळे मुद्दे तिच्यातूनच निघालेले आहेत.

आज काय होते ते आधी सांगतो. कानाच्या ओपीडीत सांगतात, “आधी मान धरू दे, बसायला लागू दे, मग कानाचं बघू.” थेरपी केंद्रात सांगतात, “हा हाकेला वळतच नाही, आधी कान तपासून आणा.” घरचे म्हणतात, “याचे वडीलही उशिराच बोलले होते.” ज्याने त्याने आपल्यापुरते बरोबरच सांगितलेले असते, आणि मुलाचे वर्ष मात्र वाया जाते. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त असते. म्हणूनच महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व थेरपी, असा दंडक जगभर मानला जातो. आमची बहुतेक मुले या तिन्ही टप्प्यांवर मागे राहिली. त्यांच्या दुसऱ्या अडचणीने पहिलीला झाकून टाकले.

अशी मुले अपवादाने भेटतात, हा समज सोडावा लागेल. श्रवणदोष असलेल्या मुलांपैकी सुमारे 30 ते 40 टक्के मुलांना आणखी एखादी अडचण असते. कमी दिवसांचा जन्म, जन्मताच न रडणे, मेंदूज्वर, गरोदरपणात आईला झालेला रुबेला, या सगळ्यांचा घाव कानावर पडतो तसाच मेंदूवरही पडतो. तीव्र कावीळ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. बिलिरुबिन फार चढले तर हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा होते आणि कानाकडून मेंदूकडे जाणारा मार्गही बिघडतो. मात्र आतल्या कानातल्या पेशी शाबूत राहू शकतात. प्रसूतिगृहात होणारी ओएई चाचणी त्या पेशींपुरतीच असते, त्यामुळे असे बाळ ओएईत ‘पास’ होते. तो ‘पास’चा कागद पाहून आईवडील दोन वर्षे निर्धास्त राहतात.

म्हणून पहिली मागणी. जे बाळ जन्मानंतर काचेत ठेवावे लागले, ज्याचे रक्त काविळीसाठी बदलावे लागले, ज्याला जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शने द्यावी लागली किंवा ज्याला मेंदूज्वर झाला, त्याला घरी सोडण्यापूर्वी बेरा चाचणी (कानाकडून मेंदूकडे जाणारा मार्ग तपासणारी) सक्तीची करावी. एकट्या ओएईवर त्याची सुटका करू नये. चाचणीचा निकाल डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावा आणि पुन्हा कधी यायचे ती तारीखही त्याच कार्डावर द्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्यातल्या 30 आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, ऐकण्याचा दोष आहे आणि विकासातील विलंबही आहे. आरबीएसकेचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांनी मिळून त्याला पाहावे, असा आराखडा आहे. तो उत्तम आहे आणि आमचा त्यावर विश्वास आहे. पण ऑडिओलॉजिस्टचे पद रिकामे असेल, किंवा माणूस आहे आणि ध्वनिरोधक खोली नाही असे असेल, तर केंद्राच्या दारावरची पाटी आमच्या काही कामाची नाही. केंद्र सरकारने जून 2021 मध्ये सर्व प्रकारच्या अडचणी एकत्र पाहणारी 14 शीघ्र हस्तक्षेप केंद्रे देशभरात उघडली. त्यांतले महाराष्ट्रातले एक मुंबईत, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आहे. म्हणजे तत्त्व शासनाला मान्य आहे. मात्र भामरागड किंवा धडगावहून वांद्रे गाठायला किती वेळ लागतो, हे तिथल्या आईला विचारावे. 36 जिल्ह्यांपैकी प्रत्येक जिल्ह्याच्या केंद्रात कायम ऑडिओलॉजिस्ट, चालू स्थितीतले बेरा यंत्र आणि आठवड्यातून एक ‘एकत्र दिवस’ हवा. त्या दिवशी सगळे तज्ज्ञ मुलाला एकाच खोलीत पाहतील आणि एकच फाइल लिहितील.

बेराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण धोरण आखणाऱ्यांना हा भाग सहसा दिसत नाही. चाचणीच्या वेळी मूल झोपलेले लागते. म्हणून आदल्या रात्री आईवडील त्याला जागवतात आणि पहाटेची एस.टी. पकडतात. गाडी हलू लागली की मूल गाढ झोपते आणि नंबर लागतो तेव्हा टक्क जागे असते. मग झोपेचे औषध. आमच्यातल्या अनेक मुलांना फिट येतात किंवा त्यांच्या श्वासाचा त्रास असतो, त्यामुळे भूलतज्ज्ञ जवळ नसताना ते औषध द्यायला डॉक्टर धजत नाहीत. त्यांचे काही चूक नाही. पण कागदावर ‘सहकार्य केले नाही’ असा शेरा पडतो आणि पुढची तारीख मिळते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची आणखी एक चाचणी खेळातून होते. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. ज्याचा हात ठोकळ्यापर्यंत पोहोचत नाही, किंवा ज्याला अजून हा खेळच उमगलेला नाही, ते मूल इथेही नापास ठरते. ‘सहकार्य केले नाही’ हा शेरा आमच्या मुलांच्या कागदांवरून हद्दपार करावा. त्याजागी कोणती चाचणी का झाली नाही आणि तिच्याऐवजी कोणती होणार, हे लिहावे. बाळाला निजवण्यासाठी अंधारी, शांत खोली आणि एक खाट द्यावी. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्यांना आदल्या रात्री रुग्णालयात मुक्कामाची सोय असावी. फिट येणाऱ्या मुलांसाठी महिन्यातून एक दिवस भूलतज्ज्ञासह राखून ठेवावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

डाउन सिंड्रोमच्या मुलांकडे वेगळे लक्ष वेधायचे आहे. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचे प्रमाण फार मोठे असते. त्यामुळे येणारे कमी ऐकू येणे बहुतेक वेळा उपचाराने सुधारते. तरीही मूल बोलत नाही म्हटले की त्याचा दोष बुद्धीवर टाकला जातो आणि कानात कोणी डोकावत नाही. टाळू फाटलेल्या मुलांचेही तसेच. मुलाला ऐकू येत नाही म्हणून ते शिकत नाही, आणि शिकत नाही म्हणून मंद ठरते. हा अन्याय आहे. विकासातील विलंबाचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे कान लगेच तपासावेत, आणि डाउन सिंड्रोम किंवा फाटलेली टाळू असलेल्या मुलांचे दर सहा महिन्यांनी. तशीच श्रवणदोषाचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाची दृष्टी आणि वाढही तपासावी. ज्याला ऐकू येत नाही त्याचा सगळा भार डोळ्यांवर असतो.

आता कायद्याकडे येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा चांगला कायदा आहे. त्याच्या कलम 25 मध्ये मुलांची वर्षातून किमान एकदा चाळणी करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. पण मोफत शिक्षणाचा हक्क कलम 31 प्रमाणे वयाच्या सहाव्या वर्षापासून सुरू होतो, शिक्षण हक्क कायदाही सहापासूनच. आमच्या मुलांचे खरे शिक्षण कानावर यंत्र चढते त्या दिवशी सुरू होते. शून्य ते सहा या काळातली स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरी येणारी विशेष शिक्षिका हे शिक्षणच आहे असे मानून राज्याने त्याची तरतूद करावी. केंद्राच्या कायद्याने राज्याला यापेक्षा जास्त देण्यापासून रोखलेले नाही. डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करून महाराष्ट्राने पुढाकार घेतलाच आहे, तो या वयोगटापर्यंत यावा.

प्रमाणपत्राची कथा निराळी. कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलचा ऱ्हास असेल तरच श्रवणदोष धरतात. 50 डेसिबलचा ऱ्हास असलेले आणि वाढीतही मागे असलेले मूल दोन्ही बाजूंनी ‘थोडेसेच’ ठरते. दोन अडचणी एकत्र मोजण्याचे सूत्र केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ते वापरायचे तर दोन्ही तज्ज्ञ एका दिवशी बसले पाहिजेत, आणि अनेक ठिकाणी कानाचा वार वेगळा, मेंदूचा वेगळा. एस.टी.ची दिव्यांग सवलत प्रमाणपत्र हाती आल्यावरच मिळते, म्हणजे प्रमाणपत्रासाठीचे सगळे हेलपाटे त्या सवलतीविना. सहा वर्षांखालील मुलाला दोन्ही तपासण्या एकाच दिवशी करून तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे. प्रमाणपत्राची वाट न पाहता, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मुलाला आणि सोबतच्या एका माणसाला प्रवास सवलत मिळावी.

श्रवणयंत्रे मिळतात, ती टिकत नाहीत. बाळाचा कान वाढतो, त्यामुळे पहिल्या वर्षी कानात बसवायचा मोल्ड काही महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. ज्या मुलाची मान अजून स्थिर नाही, त्याचे डोके सतत उशीला किंवा कॉर्नर चेअरला टेकलेले असते. तिथेही शिट्टी, आणि कॉक्लिअर इम्प्लांटची कॉइल तर घसरून पडते. कंटाळून यंत्र कपाटात जाते. शिबिरात यंत्र वाटून फोटो काढण्यापेक्षा मोल्ड, बॅटरी, केबल आणि दुरुस्ती यांची हमी महत्त्वाची आहे. केरळच्या ‘श्रुतितरंगम’ योजनेत शस्त्रक्रियेबरोबर जुना प्रोसेसर बदलण्याचाही विचार झाला आहे. इथे वॉरंटी संपल्यावर बंद पडलेल्या प्रोसेसरचा खर्च काही लाखांत जातो आणि शेतमजुराच्या घरात तो विषय तिथेच संपतो. प्रोसेसरची देखभाल राज्याने आपल्याकडे घ्यावी. यंत्र बसवताना फिजिओथेरपिस्टही शेजारी असावा.

इम्प्लांटबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ते प्रत्येक मुलाला बसवावे असा आमचा आग्रह नाही. पण ‘विकासात विलंब आहे’ एवढ्याच कारणावर कोणालाही नाकारू नये. काही मुले इम्प्लांटनंतर बोलणार नाहीत. पण ती आईचा आवाज ओळखतील, मागून येणारी गाडी ऐकतील, आणि तेही मोलाचे आहे. काय अपेक्षित आहे आणि काय नाही, हे शस्त्रक्रियेआधी आईवडिलांना वेळ देऊन, त्यांच्या भाषेत सांगावे.

त्याचबरोबर खुणांवरची बंदी उठावी. ‘हातवारे करू नका, नाहीतर बोलणार नाही’ हा सल्ला आजही सर्रास मिळतो. दोन्ही अडचणी असलेल्या मुलाला यामुळे बोलीही मिळत नाही आणि खूणही. ‘भूक लागली’, ‘दुखतंय’, ‘नको’ हे सांगता न आलेले मूल डोके आपटते, चावते, आणि मग त्याच्या वागण्यावर औषध सुरू होते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 पासून राष्ट्रीय केंद्र आहे. प्रत्येक जिल्ह्यात पालकांसाठी, आजी-आजोबांसाठीही, सांकेतिक भाषेचे आणि चित्रफलक वापरण्याचे मोफत वर्ग हवेत, आणि ते शिकवायला बहिऱ्या प्रौढ व्यक्ती हव्यात. बोली आणि खूण यांतून एक निवडायला कुटुंबाला भाग पाडू नये.

अंगणवाडीचे दार आमच्या मुलांना उघडे पाहिजे. दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केला. सेविकाताईंना तो नीट शिकवावा आणि त्या कामाचे वेगळे मानधनही द्यावे. त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न तर कोणाच्याच कागदावर नाही. बीडहून निघालेले मूल पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या फडात असते. पथक गावात येते तेव्हा ते तिथे नसते आणि फडावर त्याचे नाव कोणाच्या यादीत नसते. कान वाहत असतो, यंत्राची बॅटरी संपलेली असते. या मुलांची फाइल यूडीआयडीशी (दिव्यांग ओळखपत्राशी) जोडून कोणत्याही जिल्ह्याच्या केंद्रात उघडता आली पाहिजे, आणि हंगामात आरबीएसकेच्या पथकाने फडांवर जायला हवे.

शेवटी आयांबद्दल. थेरपीसाठी नोकरी किंवा मजुरी सोडते ती बहुधा आईच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात एक लाखापर्यंतचे विमाछत्र आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळू शकतो, पण ज्यांना फक्त ऐकू येत नाही अशी मुले त्यात बसत नाहीत आणि ज्यांची मुले बसतात त्या आयांपर्यंत त्याची माहिती पोचत नाही. रुग्णालयातच ही नोंदणी करून द्यावी. थेरपीच्या दिवशी बुडालेल्या मजुरीचा भत्ता द्यावा.

या मागण्यांवर तिन्ही विभागांनी एकत्र बैठक बोलवावी, कारण एकेका विभागाकडे गेलो की उरलेल्या दोघांचे नाव ऐकायला मिळते. आमच्या प्रतिनिधींत आया असतील आणि त्यांच्याबरोबर मुले असतील. म्हणून बैठक सकाळची असावी, तळमजल्यावर असावी, सांकेतिक भाषेचा दुभाषी हजर असावा आणि तारीख किमान पंधरा दिवस आधी कळवावी, म्हणजे त्या दिवशीचा थेरपीचा नंबर आम्हांला बदलून घेता येईल. बैठकीचे इतिवृत्त आम्हांला लेखी मिळावे. त्यात प्रत्येक मागणीसमोर जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत नोंदलेली असावी.

आपले,
संघटनेचे सर्व पालक