काठीला घुंगरू बांधा



मोहफुलांचा हंगाम तोंडावर आला आहे. त्यामागून तेंदूपाने येतील. बैठकीच्या अंकात या पानावर आपण नेहमी भाव, कर्ज, वीजबिल आणि विमा यांचा हिशेब मांडतो. या वेळी अस्वलाचा मांडतो आहोत. काही मंडळींना हे वावगे वाटेल. अस्वल हा काय चळवळीचा विषय झाला? झाला. ज्याचे वावर जंगलाला लागून आहे आणि ज्याच्या घरची उन्हाळ्यातली मीठमिरची मोहातून आणि पानातून निघते, त्याच्या दृष्टीने हा कापसाच्या भावाइतकाच रोकडा प्रश्न आहे.

अस्वलाच्या हल्ल्यात माणसे फारशी मरत नाहीत, म्हणून त्याची बातमी होत नाही. आपल्या पूर्वेला, आज छत्तीसगडात असलेल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या पावणेतीन वर्षांत अस्वलांनी १३७ माणसांना गाठले. त्यातली ११ गेली. उरलेली १२६ जखमी, म्हणजे कागदावर वाचली. अस्वल मारते ते डोक्यावर आणि तोंडावर. डोळा जातो, नाक जाते, टाळूची कातडी सोलून निघते, जबडा निखळतो. असा माणूस वाचतो खरा, पण पुढे बाजाराला जात नाही, लग्नकार्यात बसत नाही, त्याच्या पोरीच्या सोयरिकीला लोक आडून आडून चौकशा करतात. या नुकसानीचा पंचनामा कोणत्याच तलाठ्याला करता येत नाही.

आणि यातले कित्येक अपघात टाळता येण्यासारखे असतात. कसे, ते समजायचे तर आधी हे जनावर समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे अस्वलाबद्दल माहिती कमी आणि गोष्टी फार. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते, असे लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेले असते. दरवेशी नाकात वेसण घालून अस्वल नाचवायचा, तेव्हा पोरे त्याच्या केसांचा ताईत मागायची. ते नाचवणे बेकायदा होते, तरी पूर्ण बंद व्हायला २००९ साल उजाडले. त्या तमाशाने एक घोटाळा करून ठेवला: अस्वल म्हणजे गमतीचा, गबाळा, मंद प्राणी. तो मंद नाही. धावण्यात कोणताही माणूस त्याच्या हाती लागतो.

अस्वल आपल्याला खायला येत नाही. त्याचे मुख्य खाणे वारुळातली वाळवी आणि मुंग्या. त्यासाठीच त्याची नखे बोटाएवढी लांब आणि पुढे वळलेली असतात, आणि वाळवी ओढून घेता यावी म्हणून वरच्या जबड्यातले मधले दोन दात निसर्गाने दिलेलेच नाहीत. याखेरीज बोरे, जांभळे, टेंभरे, उंबरे, बहाव्याच्या शेंगा, मध आणि मोहाची फुले. त्याचे नाक तिखट असते, पण नजर आणि कान बेताचे. वारुळात तोंड घालून ते फुसफुस करत वाळवी ओढत असते, तेव्हा आपलाच आवाज त्याच्या कानात भरलेला असतो. तुमची चप्पल त्याला ऐकू येत नाही. तुम्ही दहा पावलांवर आलात की ते एकदम दचकते, आणि दचकलेले अस्वल पळायच्या आधी हाणते. जाणकार सांगतात की वाघाच्या शेजारात वाढलेल्या या जातीला वाघ आला तरी पाठ न दाखवता अंगावर जाण्याची सवय लागली. ते खरे असेल तर आपण वाघाच्या वाट्याचे फटके खात आहोत.

मादी थंडीत कपारीत विते. एक किंवा दोन पिले, क्वचित तीन. दोन-अडीच महिन्यांनी ती पिलांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. हिशेब करा: ती बाहेर पडते त्याच सुमाराला मोह गळू लागतो. पाठीवर पोर घेतलेल्या आईपुढे अचानक उभे राहायला जंगलात याहून वाईट वेळ नाही.

मोहफूल गळते रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे. अस्वल रात्री हिंडणारे जनावर. ते रात्रभर झाडाखाली फुले खाते आणि उजाडता उजाडता परतते. आणि आपण? दुसऱ्याने वेचू नये, गुरांनी खाऊ नये म्हणून बायाबापड्या आणि पोरे टोपली घेऊन अंधारातच निघतात. एकटीदुकटी निघतात, कारण प्रत्येकीचे झाड वेगळे. वाकून फुले वेचणारी बाई आणि वाकून फुले खाणारे अस्वल, दोघांचेही डोके खाली. यापुढे काय होणार ते सांगायला कृषी विद्यापीठाची पदवी लागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दिसू लागल्याशिवाय झाडाखाली जायचे नाही. ऊन झाडाच्या शेंड्यावर आले की निघायचे. तासाभरात फूल आटत नाही. गुरांची भीती असेल तर झाडाखाली जाळी बांधा. जमिनीपासून वर ताणलेल्या जाळीत फूल स्वच्छ पडते, माती लागत नाही, व्यापाऱ्याला माल घाण म्हणून भाव पाडता येत नाही, आणि सकाळी उशिरा गेले तरी चालते. जाळीमुळे आणखी एक खोड सुटेल. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची. ही आग झाडाखाली थांबत नाही. ती रानात शिरली की बोरीची आणि टेंभुर्णीची रोपे जाळते, जनावर विस्कटते आणि मग तेच जनावर आपल्या धुऱ्यावर येते. आग लावणारे आपण आणि अस्वलाच्या नावाने शंख करणारेही आपणच.

दुसरी गोष्ट आवाजाची. रानात जाताना गुपचूप जाणे हे शिकाऱ्याचे काम. आपण वाजत गाजत जावे. तिघाचौघांनी मिळून जावे, बोलत जावे, काठीला घुंगरू बांधून ती जमिनीवर आपटत जावे. गुजरातेत अस्वलांच्या मुलखातल्या लोकांसाठी अशी घंटीची काठीच तयार करून दिली गेली. आपल्याकडे बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ प्रत्येक घरी खुंटीला लटकलेली आहे, त्यासाठी कोणाच्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. अस्वलाला चुकवायचे म्हणजे आपण येतोय हे त्याला आधी कळू द्यायचे, बस्स. नाल्याची वळणे, घाणेरीची (काही गावी तिला रायमुनिया म्हणतात) दाट जाळी, दगडांच्या कपारी इथे विशेष आवाज करा. दिवसा अस्वल तिथेच झोपलेले असते. ताजे उकरलेले वारूळ, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा किंवा पुढून फुसफुस ऐकू आली की वाट सोडा, वळसा घ्या. कपारीत पिले दिसली तर ती पाहायला वाकणाऱ्याला काय म्हणावे? आणि ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याला तर हल्ली अस्वलापेक्षा अस्वलाच्या चित्राची भूक जास्त लागलेली असते.

समजा, समोरासमोर आलेच. पळू नका. झाडावर चढू नका. शाळेच्या पुस्तकातल्या दोन मित्रांच्या गोष्टीत पळून झाडावर चढलेला मित्र सुखरूप राहतो. गोष्ट लिहिणाऱ्याला आपले अस्वल ठाऊक नव्हते, ते माणसापेक्षा चांगले चढते. अंतर असेल तर तोंड त्याच्याकडे ठेवून, हळू बोलत, मागे मागे सरका आणि त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. दगड मारू नका. मागच्या दोन पायांवर उभे राहिले तर बहुधा ते वास घेत असते. अंगावर आलेच तर काठी आडवी धरा, आणि त्याने पाडले तर त्या गोष्टीतल्या दुसऱ्या मित्राचे अर्धे ऐका. पडून राहा, पण उताणे नाही. पालथे पडा, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटे मानेमागे एकमेकांत अडकवा, कोपरांनी गाल झाका. पाठीवर ओरखडे येतील, पाठ भरून येते. डोळा भरून येत नाही. ते गेले असे वाटले तरी लगेच उठू नका. आणि बरोबरचे जे असतील त्यांनी पांगू नये. एकत्र राहून गलका करावा.

आता वावराकडे येऊ. जंगलाला लागून मका किंवा भुईमूग पेरला तर अस्वलाला निमंत्रण जाते. पेरू नका असे आम्ही म्हणणार नाही, काय पेरायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. पण धुऱ्यावरची घाणेरी आणि गवत कापून चार-पाच हात पट्टा मोकळा ठेवता येतो, काढलेली कणसे वावरात ढीग घालून न ठेवता त्याच दिवशी आणता येतात. जागलीला जाणाऱ्याने जमिनीवर खोपीत न झोपता माळ्यावर झोपावे, खाली उतरण्याआधी बॅटरी चारी बाजूंनी फिरवावी. बिनकठड्याच्या विहिरीत अस्वल पडते. मग सारा गाव विहिरीवर गोळा होतो, आणि वर आलेले अस्वल वाट फुटेल तिकडे, म्हणजे गर्दीतच घुसते. कठडा बांधायला जमत नसेल तर काट्यांचे कुंपण तरी घाला. कुंपणात थेट वीज सोडण्याचा उद्योग मात्र आमच्या कोणत्याही कार्यकर्त्याने करू नये. त्या तारेला अस्वलाआधी शेजाऱ्याचा बैल चिकटतो, कधी शेजारी.

रात्री पाणी द्यायला शेतकरी हौसेने जात नाही. जिथे अजून कृषिपंपाला रात्रीच्या पाळीची वीज मिळते तिथे त्याला रात्री अंधारात ढकलणारा वीज सोडणारा आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. जंगलालगतच्या फिडरांना त्यात पहिला नंबर लावा, ही मागणी या बैठकीतून गेली पाहिजे आणि ती आम्ही रेटणार आहोत. पण एक लक्षात घ्या. ही मागणी मान्य होऊन तार ओढली जाईपर्यंत रात्री वावरात आपणच जाणार आहोत. कोणता मंत्री आपल्यापुढे कंदील धरून चालणार नाही.

इथे आपल्यातल्याच काहींशी आमचा मतभेद आहे. त्यांचे म्हणणे, जनावर सरकारचे, तेव्हा त्याची जबाबदारी सरकारची, आपण का वागणूक बदलायची? भरपाई सरकारनेच द्यावी, यात दुमत नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आपला हक्क मान्य झाला. मेंढा-लेखाने २०११ मध्ये आपला बांबू आपण विकला. गडचिरोली-गोंदियातल्या कित्येक ग्रामसभा आज तेंदूपानांचा सौदा स्वतः करतात. सौदा करायला आपण मालक आणि वेचणारीच्या सुरक्षेला वनरक्षक मालक, हे कसे जमायचे? जी ग्रामसभा पुडक्याचा भाव ठरवते तिने फडावर निघायची वेळही ठरवावी, एकटे जाणाऱ्याला रोखावे, लहान पोरांना पहाटे रानात नेऊ नये असे दटावून सांगावे. हे कोणी साहेबाने सांगण्यापेक्षा गावाने गावाला सांगितलेले बरे.

कायद्याबद्दलही गैरसमज आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणे गंभीर गुन्हा. परंतु कलम ११ सांगते, की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने जनावर मेले वा जखमी झाले तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी आपण त्याच कायद्याविरुद्ध काही करत असू, फासे लावत असू, तर हे संरक्षण नाही. आणि चार दिवसांनी टोळी जमवून कपारीला धूर देणे म्हणजे स्वसंरक्षण नव्हे.

माणूस जखमी झाला तर जखम साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ फडके दाबून धरा. हळद, चुना, राख भरू नका. डोळ्याला हात लावू नका. १०८ ला फोन करा. धनुर्वाताच्या सुईबरोबर पिसाळण्यावरची लस मागून घ्या. ती कुत्र्यापुरतीच असते असे सांगून परत पाठवले तर हलू नका, जंगली जनावराच्या चाव्यालाही ती लागतेच. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवा, वनरक्षक जागेवर येऊन पंचनामा करील असे पाहा, रक्ताचे कपडे धुऊ नका, दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. भरपाईची रक्कम शासन निर्णयाने बदलत असते. तालुका कार्यालयात चालू निर्णयाची प्रत लावलेली आहे.

बैठकीत दुपारच्या सत्रात ठराव येईल. प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: मोहाला निघायची गावाची वेळ, कोणाबरोबर कोण जाणार त्या टोळ्यांची यादी आणि बिनकठड्याच्या विहिरींची संख्या. जाळ्या एकत्र घेतल्या तर स्वस्त पडतील. किती झाडांना हव्यात तेही सांगा, आणि नाव नोंदवताना घरच्या बाईला पुढे पाठवा. फुले तीच वेचते, झाडे तिला पाठ असतात.